मागच्या उजव्या चाकाची साखळी

मार्लिस निस्कानेन आणि तिचा नवरा रॉडनी त्या टेकडीवरच्या घरी आले होते ते एका हिवाळ्यापुरते. सासरे नुकतेच गेले होते, सासूबाई एकट्या पडल्या होत्या. एवढा बर्फाचा हंगाम निभावून नेऊ, वसंतात काहीतरी सोय लावू, असं ठरलं होतं. दक्षिणेकडच्या शहरातली भाड्याची जागा मार्लिसने सोडलीसुद्धा नव्हती. शेजारणीला किल्ली देऊन आली होती, कुंड्यांना पाणी घालायला. त्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मधल्या काळात जागा गेली, वाचनालयातली नोकरी गेली, कुंड्यांचं काय झालं ते तिने कधी विचारलंच नाही, आणि चार वर्षांपूर्वी एका सकाळी चहाच्या टेबलावरून उठता उठता रॉडनीही गेला. उरल्या दोघी. छप्पन्न वर्षांची सून आणि सत्याऐंशी वर्षांची सासू. लेम्पी तिचं नाव.

गावात मार्लिसचं फार कौतुक होतं. चर्चच्या पायरीवर बायका तिचा हात हातात घेऊन म्हणायच्या, पोटची मुलगी करणार नाही एवढं तू करतेस. मार्लिस मान डोलवायची. मनात मात्र तिला वाटायचं, हे प्रत्येक कौतुक म्हणजे दाराला ठोकलेला आणखी एक खिळा. एवढं ऐकून घेतल्यावर माणूस जाणार कसं?

सरोवरावरून वारा सुटला की त्या टेकडीवर बर्फ पडायला लागायचा तो थांबायचं नाव घ्यायचा नाही. मोठ्या रस्त्यावर सरकारी गाडी फिरायची, पण तिथून घरापर्यंतची ऐंशी-नव्वद पावलांची वाट ज्याची त्याने मोकळी करायची. दोन दिवस आळस केला तर ती वाट दगडासारखी गोठायची, मग वसंतापर्यंत कुदळीलाही दाद द्यायची नाही. त्यासाठी रॉडनीचा छोटा ट्रॅक्टर होता. उन्हाळ्यात तो बागेतलं गवत कापायचा, हिवाळ्यात त्याच्या पुढे लोखंडी पातं लागायचं आणि मागच्या दोन चाकांवर साखळ्या चढायच्या. साखळ्या नसतील तर ट्रॅक्टर जागच्या जागी चाकं फिरवत बसायचा, बैल रुसल्यासारखा.

साखळ्यांचं दुखणं असं, की नोव्हेंबरात कितीही आवळून बांधा, तासाभराच्या कामानंतर त्या सैल पडतात. मग मडगार्डवर खडखडायला लागतात, आणि तरीही दुर्लक्ष केलं तर चाकावरून निसटून पाठीमागे साप टाकल्यासारख्या पडून राहतात. रॉडनी दर खेपेला आधी साखळी बघायचा. चाकातली हवा अर्धी सोडायची, साखळी दोन कड्या पुढे ओढून आतल्या बाजूची आकडी लावायची, मग बाहेरची, आणि परत हवा भरायची. टायर फुगला की साखळी आपोआप ताणली जाते. मार्लिसने हे सगळं त्याच्या पाठीमागे उभं राहून पाहिलं होतं, पण हात लावायची वेळ आली ती तो गेल्यावर. तेव्हापासून लेम्पी स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायची आणि मार्लिस आत आली की सांगायची, रॉडनीला यापेक्षा निम्मा वेळ लागायचा.

जानेवारीतल्या त्या बुधवारी सकाळी गुडघ्याच्या वर बर्फ होता. घर तापवायच्या तेलाची टाकी तळाला आली होती, आणि तेलवाल्याने आदल्या दिवशी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, की वाट मोकळी नसेल तर तो गाडी वर आणणार नाही. मार्लिसने कॉफी घेतली, वेलदोड्याच्या पावाचे दोन तुकडे सासूपुढे ठेवले, आणि आधी फावड्याने दारापासून शेडपर्यंत पाऊलवाट काढली. तीस पावलांच्या वाटेला तिला तीन-चार वेळा थांबावं लागलं.

"उजव्या चाकाची सैल आहे," लेम्पी निघताना म्हणाली होती. "परवा आवाज येत होता."

"ऐकलाय मी."

"ऐकून काय उपयोग? आवळली असतीस तर."

मार्लिसने दार जरा जोरात लावलं, एवढंच.

शेडमध्ये ट्रॅक्टरचं तोंड दाराकडे होतं. उजव्या अंगाला, भिंतीला लागून, जळणाची लाकडं छातीपर्यंत रचलेली होती. फरशीला दाराकडे थोडा उतार होता, वितळलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. मार्लिसने चाक फिरवायला सोपं जावं म्हणून गिअर काढून ठेवला आणि ट्रॅक्टर घरंगळू नये म्हणून पुढच्या चाकाखाली एका लाकडाच्या ढलपीची उटी लावली. हवा सोडली. मागे गुडघे टेकून, चाक आणि ट्रॅक्टरच्या अंगामधल्या फटीत डावा हात घालून तिने आतली आकडी लावली. मग बाहेरची. पंपाची नळी जोडली, बटण दाबलं. पंप धडधडायला लागला, टायर हळूहळू वर उठायला लागला, आणि तेवढ्यात तिला दिसलं की आतली आकडी कडीतून निसटतेय.

अशा वेळी पंप बंद करायचा असतो. हे तिला माहीत होतं. पण बंद करायचं म्हणजे उठा, वळसा घाला, हवा सोडा, पुन्हा पहिल्यापासून. थंडीने तिचे गुडघे बधिर झाले होते. तिने डावा हात परत फटीत घातला आणि आकडी बोटांनी रेटून धरली.

आकडी बसली. बसली ती तिच्या हातमोज्यासकट. टायर फुगला तशी साखळी तिच्या चार बोटांवर आवळली गेली. ती हात ओढायला लागली, त्या ओढण्याने की कशाने कोण जाणे, ट्रॅक्टर हलला आणि ओल्या फरशीवरून उटी साबणासारखी सरकली. ट्रॅक्टर दाराकडे वीतभर गेला, चाक फिरलं, आणि चाकाबरोबर तिचा हात वर गेला, टायर आणि मडगार्ड यांच्या मधोमध. पुढचं पातं उंबऱ्याला आपटून ट्रॅक्टर थांबला. नळी निसटून फरशीवर वळवळत राहिली. पंप आपला धडधडतच होता.

आधी दुखलंच नाही. मग असं दुखलं की तिला वाटलं आपण ओकणार.

पायाने तिने पंपाची वायर ओढून काढली. एकदम शांत झालं. गुडघ्यांवर, डावा खांदा मडगार्डला चिकटलेला, गाल थंड पत्र्यावर, अशी ती बसली होती. हवा सोडायची, एवढंच करायचं होतं. हवा सोडली की साखळी सैल, हात मोकळा. पण व्हॉल्व्ह चाकाच्या बाहेरच्या अंगाला, आणि ट्रॅक्टर सरकताना थोडा वळून ते अंग लाकडांच्या रचीला जाऊन भिडलं होतं. मध्ये चार बोटं जागा. तिने उजवा हात घालून पाहिला, कोट अडकला. दातांनी आणि पायाने झटापट करून कोटाची ती बाही काढली, तरी कोपरापुढे हात जाईना. लाकडं पाडून पाहिली तर वरची चार पडली, खालची एकमेकांत गोठून बसलेली. तिने ट्रॅक्टर खांद्याने मागे रेटला. तो काय हलतो.

मग तिने हाका मारल्या. लेम्पीला ऐकू कमी यायचं आणि सकाळी रेडिओ मोठ्याने लागलेला असायचा. शेजारी क्लेटन अर्ध्या मैलावर. बर्फात तर आवाज असा मरतो, जसा कापसात दाबलेला. सात-आठ हाका मारून ती थांबली. आपला आवाज ऐकून आपल्यालाच भीती वाटायला लागली होती.

किती वेळ गेला ते तिला नंतर सांगता आलं नाही. घड्याळ डाव्या मनगटावर होतं. बोटांतली कळ जाऊन तिथे जडपणा आला, तो तिला कळेपेक्षा वाईट वाटला. गुडघ्यांखालचं पाणी विजारीत झिरपून गोठायला लागलं. दाराच्या फटीतून पाऊलवाट दिसत होती. आपण सकाळी काढलेली वाट वाऱ्याने पुन्हा भरत चाललीय, हे ती बघत होती. तिच्या मनात आलं, अकरा वर्षांत आपण दुसरं केलंय काय? वाट काढायची, ती भरायची. आणि हेही मनात आलं, की इथेच संपलो तर चर्चच्या पायरीवर किती छान बोलतील आपल्याबद्दल. त्या विचाराने तिला एवढा संताप आला की थोडी ऊब आली.

मग तिला खरखर ऐकू आली.

लेम्पी नाताळापासून घराबाहेर पडली नव्हती. घरात ती चौकटीच्या काठीला धरून चालायची. आता ती पाऊलवाटेवरून येत होती घसरखुर्चीला धरून. त्या भागातल्या जुन्या घरांतून असते तशी ती होती, पुढे बसायला लाकडी खुर्ची, खाली दोन लांब पोलादी पट्ट्या, मागे धरायला दांडा. तरुणपणी लेम्पी तिच्यावरून दूध पोचवायची म्हणे. आता ती दांड्यावर भार टाकून एक पाऊल टाकायची, थांबायची, श्वास घ्यायची, दुसरं टाकायची. अंगात रॉडनीचा कोट, डोक्याला चहाची किटली झाकायचं लोकरीचं टोपडं. हाताला येईल ते घातलेलं दिसत होतं. वाटेत एकदा खुर्ची बर्फात रुतली, तेव्हा ती नुसतीच उभी राहिली, आणि मार्लिसला वाटलं, आता ही पडणार, आणि मी इथून बघत बसणार.

ती पडली नाही. शेडच्या दाराशी पोचली आणि पात्यावर हात टेकून आत डोकावली.

"पंप बंद झाला, रेडिओतली घरघर थांबली," ती म्हणाली. धाप लागली होती. "आणि तू बाहेर येईनास."

"हात अडकलाय. टायरमध्ये."

लेम्पीने वाकून पाहिलं. मग पुढच्या चाकाकडे पाहिलं.

"उटी कसली लावलीस? ढलपी? ढलपी लावतं का कुणी ओल्या फरशीवर? रॉडनी वीट लावायचा."

मार्लिसच्या आत काहीतरी तुटलं. इतकी वर्षं दातांखाली धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. ती ओरडली नाही, ओरडण्याएवढा श्वासच नव्हता. मडगार्डला गाल लावलेला, तशीच ती बोलली.

"रॉडनी मेलाय, आई. चार वर्षं झाली. तो मेला आणि मला इथे ठेवून गेला, तुमच्यापाशी. मला वीट ठाऊक नाही. मला साखळी ठाऊक नाही. मला हे घर नको, हा बर्फ नको, आणि देवाशपथ सांगते, मला तुम्हीही नको. अकरा वर्षं मी या चाकात अडकलेय. आज नुसता हात अडकलाय, एवढंच."

लेम्पीचा चेहरा जसा होता तसाच राहिला. तिने विचारलं, "हवा सोडायची ना? कुठून?"

"तिकडून. लाकडांच्या बाजूने. माझा हात जात नाही."

लेम्पीने पात्याला वळसा घालून खुर्ची चाकापाशी आणली, तिच्यावर बसली, मग खुर्चीवरून गुडघ्यांवर आली. ते तिने कसं केलं देव जाणे. घरात तिला पलंगावरून उठवायला मार्लिसला दोन्ही हात लावावे लागायचे. कोट काढला, स्वेटर काढला, सुती पोलक्याची बाही वर सारली. सत्याऐंशी वर्षांचा तो हात, नुसतं हाड आणि कातडी, चाक आणि लाकडांच्या मधल्या चार बोटांच्या फटीतून समोरून आत गेला.

"लागला. टोपण आहे का याला?"

"नाही, मी काढलंय. मधे एक खिळ्यासारखं आहे. ते आत दाबायचं."

"बोट जात नाही."

"काहीतरी बारीक घ्या. काडी, काहीही."

लेम्पीने दुसऱ्या हाताने टोपडं काढलं आणि अंबाड्यातला आकडा उपसला. पांढरे केस खांद्यावर पडले. मार्लिसने ते मोकळे कधी पाहिलेच नव्हते. आकडा एकदा हातातून पडला. लेम्पीने फिन्निश भाषेत एक शिवी दिली, तो शोधला, परत हात घातला. आणि मग फुस्स आवाज आला.

हवा जायला बराच वेळ लागला. मध्ये लेम्पीच्या हाताला पेटका आला, ती थांबली, मग परत. दोघी चाकाच्या दोन बाजूंना गुडघ्यांवर, मध्ये तो आवाज. टायर बसत गेला तशी साखळी लोंबली आणि मार्लिसचा हात आपोआप खाली घसरला. हातमोजा आतच राहिला. बोटं जांभळी होती, मधलं भलत्याच बाजूला वळलेलं, आणि त्यात रक्त परत आलं तेव्हा मार्लिस ढसाढसा रडली, लहान मुलासारखी, लाज न बाळगता.

आता लेम्पीला उठता येईना. मार्लिसने एका हाताने तिला घसरखुर्चीवर ओढून बसवलं, कोटात गुंडाळलं, आणि मागचा दांडा पोटाने ढकलत, वाट पुन्हा पायाने तुडवत, तीस पावलं घरी नेलं.

स्वयंपाकघरात रेडिओ चालूच होता. मार्लिसने तो बंद केला. लेम्पीने निघायच्या आधी क्लेटनला फोन केला होता असं तेव्हा कळलं. मोठ्या रस्त्यावर सरकारी गाडी अजून फिरली नव्हती म्हणून त्याला आपली गाडी काढता येईना, तो बर्फात चालायच्या चपट्या जोड्यांवरून निघाला होता, पण तास तरी लागणार होता. तास थांबणं लेम्पीला पटलं नव्हतं. मार्लिसने हात थंड पाण्यात धरला, मग टॉवेलात गुंडाळला. दोघी चुलीपाशी बसल्या. लेम्पीचे दात वाजत होते.

"मी बोलले ते," मार्लिसने सुरुवात केली.

"खरं बोललीस. आता गोड करू नकोस." लेम्पी चुलीकडे बघत होती. "गावात सरोवराकाठी म्हाताऱ्यांसाठी खोल्या आहेत. लिफ्टवाल्या. रॉडनी गेला त्या वर्षी मी नाव घातलं होतं तिथे. दोनदा फोन आला. दोनदा मी नाही म्हटलं."

मार्लिसला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "का?"

"तू कुठे गेली असतीस? शहरातली जागा गेली, नोकरी गेली. बहिणीकडे तुला तीन दिवसांवर राहवत नाही. माझ्या मुलाची बायको रस्त्यावर टाकून मी लिफ्टमध्ये वरखाली करू?" तिने नाक पुसलं. "म्हटलं, राहू. मला तरी कुठे आवडतं इथे? खिडकीतून शेड दिसते. दुसरं काय दिसतं?"

दुसरं कुणी असतं तर गळ्यात पडलं असतं. मार्लिसला तसं काही वाटलं नाही. तिला आधी नीट समजलं नाही, आणि समजलं तेव्हा राग आला, सकाळच्यापेक्षा थंड आणि मोठा. चार वर्षं. चार हिवाळे. कुणासाठीच नाही.

"मला विचारलं का नाहीत?"

"तू मला विचारलंस?"

मार्लिसने उठून कॉफी ठेवली, एका हाताने. दोघी प्यायल्या. क्लेटन आला तेव्हा त्याच्या मिशीवर बर्फाचे खडे होते. त्याने मार्लिसचं बोट पाहिलं, शीळ घातली, दोन चमच्यांच्या मध्ये ते बांधलं, आणि काही न विचारता शेडमध्ये जाऊन साखळी आवळून वाट मोकळी करायला लागला. लेम्पीकाकू एवढ्या बर्फातून गेल्या कशा, हे मात्र तो नंतर महिनाभर गावभर विचारत होता.

बोट डॉक्टरने दोन दिवसांनी सरळ केलं. तेवढ्याने सुटका झाली असं नाही. लेम्पीने त्याच आठवड्यात खोल्यांच्या कचेरीला फोन केला तेव्हा कळलं, की यादीत तिचं नाव दोन नकारांनंतर तळाशी गेलंय. वसंताआधी आशा नाही. म्हणजे एकमेकींना नको म्हणून झालं, निघायचंही ठरलं, आणि बर्फ अजून तीन महिन्यांचा बाकी. मार्लिसला त्या दिवसांत घर पूर्वीपेक्षा लहान वाटायचं. पूर्वी निदान आपण कर्तव्य करतोय असं म्हणता यायचं. आता नुसतंच बसून राहणं होतं, आगगाडी चुकलेल्या दोन प्रवाशांसारखं. एकदा आठवडाभर त्या बोलल्या नाहीत. एकदा रात्रीच्या जेवणाला भांडल्या, बटाटे कच्चे राहिले म्हणून, आणि भांडण बटाट्यांवरून रॉडनीवर गेलं, आणि दोघीही मान्य करून बसल्या की तोही कधीच कुणाला काही विचारायचा नाही. एक हिवाळा म्हणाला आणि सात केले. त्या रात्री लेम्पी हसली होती. मार्लिसला हसू आलं नाही, पण तिने बटाटे परत उकडायला ठेवले.

फोन आला तो ईस्टर झाल्यावर. मार्लिसने उचलला. कचेरीतली बाई म्हणाली, दुसऱ्या मजल्यावरची खोली आहे, उद्यापर्यंत कळवा. मार्लिसने आत विचारलंही नाही. हो म्हणाली आणि मग लेम्पीला सांगितलं. लेम्पीने फक्त विचारलं, खिडकी कुठल्या बाजूला आहे.

घर लेम्पीने सुनेच्या नावावर केलं. विक नाहीतर राहा, मला सांगू नकोस, म्हणाली. मे महिन्यात सामान हललं. त्यानंतर मार्लिस निघेल असं सगळ्यांना वाटलं होतं, तिलाही. बहिणीने खोली झाडून ठेवली होती. पण मार्लिस निघाली नाही. वाट कोरडी होती, गाडीत पेट्रोल होतं, आणि ती सकाळी पाचला उठून, सासूची हाक येत नाही हे ऐकत, स्वयंपाकघरात बसून राहायची. दार उघडं असल्यावर जायचं कसं, हे ती विसरून गेली होती.

जूनमध्ये एका दुपारी लेम्पीचा फोन आला.

"अजून तिथेच आहेस?"

"आहे."

"का?"

"ठरवतेय अजून."

"ठरव. पण रविवारची येत जाऊ नकोस हं. इथे पत्त्यांचा डाव असतो. माझी जोडीदारीण फार चिडकी आहे, उठले की पानं बघते." मग लेम्पी म्हणाली, "तिथल्या वाचनालयात विचारलंस का? शहरातल्या?"

"तिथे आता कोण ओळखणार मला?"

"विचार," लेम्पी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. निरोप घेऊन फोन ठेवायची सवय तिला कधीच नव्हती.

मार्लिस बराच वेळ टेबलाशी बसली. मग तिने ड्रॉवरमधून कागद काढला आणि शहरातल्या वाचनालयाला पत्र लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत आपलं नाव लिहिलं, दुसऱ्या ओळीत पूर्वी किती वर्षं काम केलं ते. तिसऱ्या ओळीत सध्या काय करते ते लिहायचं होतं. तिथे ती अडली, आणि उठून आधी खिडकी उघडून आली.